रॉकमॅनचे मनातले क्रॉसओव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅपकॉम या जपानी कंपनीच्या रॉकमॅन या व्हिडिओ गेम मालिकेवर मनातल्या मनात क्रॉसओव्हर गेम रचणाऱ्यांसाठी हे पान आहे. जपानबाहेर रॉकमॅनलाच मेगामॅन म्हणतात, त्यामुळे खाली दोन्ही नावं येतील. प्रश्न नेहमीचेच आहेत. उत्तरांत मात्र आमची मतं मिसळलेली आहेत, ती तशीच घ्यावीत.

क्रॉसओव्हर नेमकं कशाला म्हणायचं?

दोन वेगळ्या मालिका एका गेममध्ये आल्या आणि दोन्हींचे नियम चालू राहिले, तर तो क्रॉसओव्हर. दुसरी अट बरेच जण विसरतात. एखाद्या गेममध्ये रॉकमॅनचा निळा पोशाख नुसता विकत मिळत असेल, तर तो पाहुणचार झाला. पाहुणा घरात शिरून स्वयंपाक करायला लागला की खरी गंमत सुरू होते.

एवढ्या जपानी मालिका असताना रॉकमॅनच का?

कारण या मालिकेचा मूळ नियमच बाहेरच्यांना आत घेण्यासाठी केल्यासारखा आहे. पहिला रॉकमॅन १७ डिसेंबर १९८७ ला फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेंडोच्या टीव्हीला जोडायच्या गेम मशीनवर आला. त्यात सहा रोबोट बॉस होते: कट मॅन, गट्स मॅन, आइस मॅन, बॉम्ब मॅन, फायर मॅन आणि एलेक मॅन. कुठल्याही क्रमाने त्यांच्याशी लढा. ज्याला हरवाल त्याचं हत्यार तुमचं, आणि ते हत्यार दुसऱ्या कुणावर तरी जालीम चालतं. पुढच्याच भागात बॉस आठ झाले आणि हा आकडा मालिकेला चिकटला.

आता या चौकटीत बाहेरचं कुठलंही पात्र बॉस म्हणून बसवून बघा. लगेच तीन प्रश्न उभे राहतात: त्याची लेव्हल कशी असेल, त्याला हरवल्यावर काय मिळेल, आणि ते कुणावर चालेल? निम्मा गेम तिथेच तयार होतो. बऱ्याच मालिकांमध्ये बाहेरचा नायक आणला तर त्याला काय काम द्यायचं हाच प्रश्न पडतो. इथे काम आधीच ठरलेलं आहे.

दुसरं कारण असं की चाहत्यांनी कल्पना लढवणं या मालिकेच्या रक्तातच आहे. दुसऱ्या भागापासून कॅपकॉमने जपानी मुलांकडून बॉसची चित्रं मागवायला सुरुवात केली आणि त्या पहिल्याच स्पर्धेत ८ हजारांहून जास्त चित्रं आली. चौथ्या भागातला डस्ट मॅन ज्या शाळकरी मुलाने काढला, तो पुढे मोठा मांगा (जपानी कॉमिक्स) चित्रकार झाला: युसुके मुराता. पाचव्या भागातला क्रिस्टल मॅनही त्याचाच. सहाव्या भागातले नाइट मॅन आणि विंड मॅन तर जपानबाहेरच्या स्पर्धकांनी सुचवलेले. तेव्हा 'कंपनीचं काम कंपनीला करू द्या' असं कुणी म्हणालं, तर ही उदाहरणं तोंडावर फेका.

मी फक्त मारिओ आणि कॉन्ट्रा खेळलोय. मला हे जमेल का?

जमेल. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम मिळायचे, ते बहुतेक फॅमिकॉमच्याच नकला होत्या. म्हणजे रॉकमॅन ज्या मशीनवर जन्मला, त्याच्याच भावंडावर तुम्ही खेळलात. तुमच्यासारख्यांनी सुरुवात करायला एक चांगला नमुना आहे: २०१० साली आलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स क्रॉसओव्हर' हा चाहत्याने बनवलेला फ्लॅश गेम. त्यात मारिओच्या मूळ लेव्हल जशाच्या तशा ठेवून लिंक, सामुस, सायमन बेलमाँट, मेगामॅन आणि कॉन्ट्राचा बिल यांना खेळता येत होतं. प्रत्येकाची उडी आणि मारा त्याच्या त्याच्या गेमसारखा. पहिली लेव्हल तीच, पहिला गुंबा (मारिओचा चालता शत्रू) तोच, पण बिल हातात असला की त्याला लांबूनच गोळी घालता येते आणि सायमन असला की चाबूक पोचेपर्यंत थांबावं लागतं. लेव्हलची एक वीटही न हलवता गेम बदलतो. कागदावर क्रॉसओव्हर रचताना हा दाखला डोळ्यांसमोर असू द्या.

रॉकमॅनचे खरेखुरे क्रॉसओव्हर कोणते झाले आहेत?

बरेच. फायटिंग गेममध्ये तो १९९८ च्या 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम'पासून आहे. सोनीच्या प्लेस्टेशन २ वर २००५ मध्ये 'नामको × कॅपकॉम' आला, निन्टेंडोच्या थ्रीडीएसवर २०१२ मध्ये 'प्रोजेक्ट एक्स झोन'. या शेवटच्यात 'रॉकमॅन एक्स' या उपमालिकेतले एक्स आणि झीरो सेगा आणि नामकोच्या पात्रांबरोबर फिरतात. एवढी गर्दी की कोण का भांडतंय हे थोड्या वेळाने कळेनासं होतं, पण गर्दी हाच त्याचा आनंद आहे. कॉमिक्समध्ये २०१३ साली सॉनिकशीही गाठ पडली.

आम्हाला विचाराल तर दोन उदाहरणं नीट अभ्यासण्यासारखी आहेत.

पहिलं 'सुपर स्मॅश ब्रदर्स', निन्टेंडोचा अनेक मालिकांच्या नायकांना एकत्र लढवणारा गेम. २०१४ च्या भागात मेगामॅन आला तेव्हा दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांच्या चमूने त्याला सरसकट ठोसे-लाथा दिल्या नाहीत. साधा मारा म्हणजे हातातल्या बस्टरच्या छोट्या गोळ्या. बाकी जवळपास सगळं जुन्या बॉसकडून हिसकावलेलं: मेटल मॅनची करवत, क्रॅश मॅनचा चिकटणारा बॉम्ब, वुड मॅनची पानांची ढाल. वर उडायला रश नावाचा कुत्रा, ज्याच्या पाठीतून स्प्रिंग निघते. मेगामॅन कोण आहे हे न सांगता नुसत्या हालचालींतून कळतं. तो दुसऱ्यांची हत्यारं वापरणारा मुलगा आहे.

दुसरं उदाहरण फारसं कुणी सांगत नाही. गेमबॉय अॅडव्हान्सवर कोनामीची 'बोकताई' नावाची मालिका होती. व्हॅम्पायर मारायचे, आणि त्यासाठी कार्ट्रिजवरच्या सेन्सरवर खरं ऊन पडायला हवं. तिची आणि 'रॉकमॅन ईएक्सई' या रॉकमॅनच्याच उपमालिकेची देवाणघेवाण झाली. एकमेकांचे बॉस आणि पात्रं या गेममधून त्या गेममध्ये गेली. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या, दोन स्वतंत्र गेम आणि मध्ये एक छोटा पूल. क्रॉसओव्हर म्हणजे तिसरा, नवा, भलामोठा गेमच हवा असं नाही, हे इथे दिसतं. दुर्दैवाने 'ईएक्सई'चा सहावा भाग जपानबाहेर नेताना यातला मजकूर काढून टाकला.

आणि तो ढेरपोट्या मेगामॅन?

'स्ट्रीट फायटर × टेकन' या फायटिंग गेमच्या प्लेस्टेशन ३ आणि व्हिटा आवृत्तीतला. पहिल्या मेगामॅनच्या अमेरिकी खोक्यावर गेमशी काडीचाही संबंध नसलेला एक पिस्तूलधारी इसम छापला होता. त्याचंच हे सुटलेलं, पिकलेलं रूप. कंपनीने स्वतःची थट्टा केली, पण वेळ चुकली. 'मेगामॅन लेजंड्स ३' जुलै २०११ मध्ये रद्द झाला होता, चाहते जखमी होते, आणि हा विनोद २०१२ च्या सुरुवातीला समोर आला. विनोद वाईट नव्हता. मयताच्या घरी केला, एवढंच.

चाहत्याचा क्रॉसओव्हर कंपनीने स्वतः स्वीकारलाय का?

हो, आणि तोही याच मालिकेचा. सिंगापूरचा सिओ झोंग हुई 'स्ट्रीट फायटर × मेगामॅन' नावाचा गेम हौसेने बनवत होता. २०१२ च्या इव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेत त्याने तो कॅपकॉमच्या अमेरिकी शाखेतल्या अधिकाऱ्याला दाखवला. कंपनीने बंद करा म्हणण्याऐवजी पाठबळ दिलं, आणि १७ डिसेंबर २०१२ ला, मेगामॅनच्या पंचविसाव्या वाढदिवशी, तो कॅपकॉमच्या नावाने पीसीवर फुकट उपलब्ध झाला.

तो मिळवून खेळा. आठ बॉस आहेत: र्यू, चुन-ली, ब्लांका, ढालसिम, रोलेंटो, रोझ, युरियन आणि सी. वायपर. र्यूला हरवलं की त्याचा हादोकेन, म्हणजे हातांतून सोडायचा ऊर्जेचा गोळा, तुमचा. तीस वर्षं बोटं झिजवून जे जॉयस्टिकवर काढलं, ते इथे एका बटणावर येतं, पण हत्याराची ऊर्जा खर्चून. म्हणजे स्ट्रीट फायटरची चाल आणि रॉकमॅनचा हिशोब. पहिल्या आवृत्तीत सेव्ह करायची सोय नव्हती, त्यावर लोकांनी बोंब मारली. मग पुढच्या आवृत्तीत जुन्या पद्धतीचा पासवर्ड आला.

म्हणजे मीही बनवला तर कंपनी उचलून धरेल?

त्या भरवशावर राहू नका. असं अपवादानेच घडतं. २०१६ मध्ये निन्टेंडोच्या मालिकांवरचे दोन मोठे हौशी गेम, 'एएमटूआर' आणि 'पोकेमॉन युरेनियम', कित्येक वर्षं खपून बाहेर आले आणि थोड्याच दिवसांत खाली उतरवावे लागले. ते क्रॉसओव्हर नव्हते, तरी धडा तोच. क्रॉसओव्हरमध्ये तर नाराज होऊ शकणाऱ्या कंपन्या दोन असतात.

कल्पनेची सुरुवात कुठून करू? माझ्याकडे ६० पात्रांची यादी तयार आहे.

यादी बाजूला ठेवा. इथे येणाऱ्या दहातल्या नऊ कल्पना यादीपाशी सुरू होतात आणि यादीपाशीच संपतात. 'यात दान्ते असेल, मग क्रेटॉस, मग सेफिरॉथ' हे लग्नाच्या आमंत्रितांसारखं वाढत जातं, पण मांडवात करायचं काय ते कुणी सांगत नाही.

त्याऐवजी दोन्ही मालिकांचा एकेक नियम एका ओळीत लिहा. त्या मालिकेचं दुसरं काही ठेवलं नाही तरी जो ठेवावाच लागेल, तोच नियम. मग ते दोन नियम एकमेकांना भिडवा. भिडल्यावर खेळणाऱ्यापुढे काही पेच उभा राहिला तर गेम आहे. नुसतंच 'वा, भारी' वाटलं तर ते पोस्टर आहे. पोस्टर काढायलाही हरकत नाही, फक्त त्याला गेम म्हणू नका.

एखादं उदाहरण सविस्तर द्याल का?

आमचं लाडकं देतो: रॉकमॅन आणि 'एस अॅटर्नी', म्हणजे जपानची २००१ साली सुरू झालेली 'ग्याकुतेन साइबान' ही वकिलीची मालिका.

गोष्ट वेगळी शोधायची गरजच नाही. २००८ च्या 'मेगामॅन ९' मध्ये रॉकमॅनचा निर्माता डॉ. लाइट याने बनवलेले आठ रोबोट बिथरतात. मालिकेचा खलनायक डॉ. वाइली टीव्हीवर येऊन 'मी नाही त्यातला, हे लाइटचंच काम' म्हणून सांगतो आणि लाइटला अटक होते. मुळात त्या रोबोटांची मुदत संपत आली होती, आता भंगारात जाणार म्हणून वाइलीने त्यांना फितवलं. आरोपी निरपराध, खरा गुन्हेगार साळसूद, आणि साक्षीदार असे की ज्यांना कायद्याने 'वस्तू' म्हणायचं की 'व्यक्ती' हेच ठरलेलं नाही. एस अॅटर्नीचा नायक वकील फीनिक्स राइट, त्याला आणखी काय हवं?

आता नियम. रॉकमॅनचा: हरवलेल्याचं हत्यार मिळतं. एस अॅटर्नीचा: साक्षीतली विसंगती योग्य पुराव्याने दाखवायची, चुकीचा पुरावा दिला तर दंड. भिडवूया.

रोबोटाला हरवल्यावर हत्याराबरोबर त्याची मेमरीही मिळते. ती कोर्टात पुरावा म्हणून चालते. पण तो ज्या हत्यारापुढे कमकुवत आहे त्याने मारलं तर दोन मिनिटांत लोळतो आणि मेमरी करपते, अर्धीच वाचता येते. साध्या बस्टरने मारत बसलात तर वेळ लागतो, जीव मेटाकुटीला येतो, पण मेमरी शाबूत राहते. मालिकेत चाळीसेक वर्षं ज्या शॉर्टकटला हुशारी मानलं, तोच इथे महागात पडतो. मॅग्मा मॅनची लढाई सोपी करायची की उद्या कोर्टात वाइलीची उलटतपासणी, हे तुम्ही लढाईच्या दाराशी उभं राहून ठरवायचं.

आणि रॉकमॅनच्या जीवनपट्टीतल्या २८ रेघा कोर्टातही त्याच राहतील. सकाळी लेव्हलमध्ये १५ गमावल्या असतील, तर दुपारी जज्जसमोर चुकीचा पुरावा टाकायला १३ उरतात.

शेवटी वाइली साक्षीच्या पिंजऱ्यात येतो. प्रत्येक गेमच्या अखेरीस गुडघ्यांवर बसून भुवया नाचवत माफी मागायची त्याची जुनी खोड आहे. इथे ती माफीच कबुलीजबाब म्हणून नोंदवून घ्यायची. मात्र बचावाकडे शाबूत मेमरी किमान तीन हव्यात, नाहीतर तो नेहमीप्रमाणे सुटतो आणि पुढच्या भागाची सोय होते.

एस अॅटर्नीला क्रॉसओव्हर मानवतो, हे सिद्धही झालंय. २०१२ मध्ये कोडी सोडवायच्या मालिकेतल्या प्रोफेसर लेटनबरोबरचा गेम आला. त्यात चेटकिणींचे खटले चालतात आणि पिंजऱ्यात एका वेळी अनेक साक्षीदार उभे असतात. एक बोलत असताना दुसऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघून त्याला पकडायचं. पुढे एस अॅटर्नीच्याच, जपानच्या जुन्या मेइजी काळातल्या भागांतही एकाहून जास्त साक्षीदार एकत्र उभे करायची पद्धत दिसली. चांगला क्रॉसओव्हर असा मागे काहीतरी ठेवून जातो.

रॉकमॅन आणि पोकेमॉन का नको म्हणता? तिथेही कमकुवतपणाचं चक्र आहे.

नको म्हणत नाही, सांभाळून म्हणतो. दोन्हींत दगड-कागद-कात्रीचाच हिशोब आहे, म्हणून लोकांना सोपं वाटतं. पण चक्रं उलटी फिरतात. पोकेमॉनमध्ये आग बर्फाला भारी. पहिल्या रॉकमॅनमध्ये फायर मॅन आइस मॅनच्या बर्फाने मरतो, आणि आइस मॅन विजेने. एलेक मॅनला कट मॅनची कात्री लागू पडते, तीन फटक्यांत खेळ खलास. पोकेमॉनच्या तक्त्यात याचं उत्तर नाही.

एक तोडगा आम्हाला पटलेला आहे: ज्याच्या हद्दीत लढाई, त्याचा तक्ता चालू. रोबोटाच्या लेव्हलमध्ये चार्मंडर हा आगीचा पोकेमॉन आइस मॅनपुढे लाचार, पण पोकेमॉनच्या जिममध्ये ओढून आणलं की आइस मॅन वितळला. मग सगळी लढाई कोण कुणाला आपल्या अंगणात खेचतो याची होते.

पाहुण्या पात्रांचं ८-बिट चित्र काढताना काय पाळायचं?

फॅमिकॉमचा पडदा २५६ × २४० पिक्सेलचा, चित्रं ८ × ८ च्या तुकड्यांची, आणि एका तुकड्याला पारदर्शक भाग सोडून तीनच रंग. एका आडव्या रेषेत आठांहून जास्त तुकडे आले तर ते लुकलुकायला लागतात. आजच्या कॉम्प्युटरवर ही बंधनं पाळायची सक्ती नाही, पण पाळली तर पाहुणा घरचा दिसतो. आधी सावली काढा, फक्त काळी. सावलीवरून र्यू ओळखू आला नाही तर कपाळपट्टी लांब करा, रंग वाढवू नका.

गेममधले संवाद मराठीत ठेवता येतील का?

ठेवा की. अडचण दोन ठिकाणी येते. इंग्रजी अक्षर ८ × ८ मध्ये आरामात बसतं. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, मध्ये शिरोरेघ, त्यामुळे उंची साधारण १६ पिक्सेल धरावी लागते आणि संवादाच्या चौकटीत ओळी कमी मावतात. 'र्‍यू' लिहायचा तर पापणीसारखा अर्धा र आणि उकार दोन्ही सांभाळायचे, तेव्हा १६ मध्येही दाटी होते. दुसरी अडचण जोडाक्षरांची. इंजिनाला ती जोडता येत नसतील तर 'शक्ती'चं 'शक् ती' होतं आणि वेलांटी भलतीकडे जाते. गोडो हे मोफत इंजिन चौथ्या आवृत्तीपासून अशा लिप्या नीट मांडतं. जुन्या इंजिनवर काम करत असाल तर आधी एक वाक्य छापून बघा. आमचं चाचणीचं वाक्य: 'र्‍हस्व-दीर्घ चुकलं तर वाइली हसेल.'

कायद्याचं काय?

मनात रचणं, वहीत लिहिणं, मित्रांना सांगणं याला कुणी अडवत नाही. गेम बनवून वाटायला लागलात की पात्रं, चित्रं, संगीत यांचे हक्क कंपनीचे आहेत हा मुद्दा येतो. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि भारत व जपान दोघेही बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारात आहेत, म्हणून 'जपानी गेमला इथे कोण विचारतो' हा समज चुकीचा. 'फुकट वाटतोय' एवढ्याने परवानगी मिळत नाही. फुकट असल्यामुळे कंपन्या अनेकदा दुर्लक्ष करतात, पण ती त्यांची मर्जी.

देणगी मागितली तर?

नको.

मग स्वतःचाच नायक बनवू का?

हा फार चांगला रस्ता आहे. २०१४ चा 'शॉव्हेल नाइट' घ्या. रॉकमॅन आणि त्या काळच्या इतर गेमचा प्रभाव उघड आहे, पण पात्रं सगळी स्वतःची. मग एका आवृत्तीत 'गॉड ऑफ वॉर'चा क्रेटॉस त्याच्या घरी पाहुणा आला, दुसऱ्या आवृत्तीत 'बॅटलटोड्स' आले, आणि तो स्वतः कितीतरी गेममध्ये पाहुणा म्हणून जाऊन आला. उलट नुसत्या आठवणींवर उभं राहिलं तर काय होतं, ते 'मायटी नंबर ९' मध्ये दिसलं. रॉकमॅनशी वर्षानुवर्षं जोडलेलं केइजी इनाफुने यांचं नाव होतं, किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर लोकांनी २०१३ मध्ये भरभरून पैसे दिले, आणि २०१६ मध्ये गेम आला तेव्हा फार थोडे खूश झाले.

इनाफुने म्हणजे रॉकमॅनचे जनक ना?

सर्रास तसं लिहितात. पहिल्या भागाचे दिग्दर्शक अकिरा कितामुरा होते आणि मूळ पात्रही त्यांचं. इनाफुने यांनी त्यावरून चित्रं रंगवली, बरेच बॉस रेखाटले आणि पुढे मालिका सांभाळली. श्रेयनामावली लिहाल तेव्हा दोघांची नावं घाला.

कल्पना थेट कॅपकॉमला पाठवू का?

बहुतेक मोठ्या कंपन्या न मागता आलेल्या कल्पना वाचतच नाहीत. उद्या तसाच गेम निघाला तर 'माझी कल्पना चोरली' म्हणून कुणी दावा ठोकायला नको, म्हणून. स्पर्धा जाहीर झाली तर जरूर पाठवा, पण नियमांतली हक्कांची ओळ वाचून. नाहीतर दोन नियम, एक पेच आणि एका बॉसचं चित्र असं एक पान तयार करून आम्हाला दाखवा. ६० जणांची यादी जोडायची असेल तर मागच्या बाजूला.